निको: मॉडेल, गायिका आणि तिची पायपेटी

तरफा_मिरज

रॉक संगीतावर इथे धागे भरपूर निघतात. पण निकोचं नाव आलं की चर्चा दोन ओळींत आटोपते. दिसायला सुंदर होती, व्हेल्वेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या बँडमध्ये तीन गाणी म्हणाली, हेरॉइनच्या आहारी गेली, संपली. मला हे अजिबात मान्य नाही. ही बाई स्वतःची गाणी स्वतः रचणारी होती, आणि तिचं सगळ्यात मोलाचं काम तिनं पेटीवर बसून केलं. मिरजेत राहून हे मी नाही सांगायचं तर कुणी?

मूळ नाव क्रिस्टा पेफगेन. जन्म १६ ऑक्टोबर १९३८, जर्मनीतल्या कोलोनचा. वडील युद्धात गेले. आई शिवणकाम करायची. लहानपणाचा काही काळ ल्युबेनाऊ गावात गेला, मग बॉम्बनी उद्ध्वस्त झालेल्या बर्लिनमध्ये. तेराव्या वर्षी शाळा सुटली. काडेवे नावाच्या मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांना कपडे घालून दाखवायचं काम मिळालं. उंची पाच फूट दहा इंच, चेहरा असा की कॅमेरा हलायलाच नको. हर्बर्ट टोबियास या फोटोग्राफरनं तिला हेरलं आणि आपल्या ओळखीच्या निकोस पापाताकिस या सिनेमावाल्यावरून तिला ‘निको’ केलं. म्हणजे जग जिला ओळखतं ते नावसुद्धा एका पुरुषाकडून उसनं घेतलेलं, आणि तेही दुसऱ्याच पुरुषानं दिलेलं.

मग पॅरिस, आणि व्होग, एल ही फॅशनची नियतकालिकं. १९६० साली फेलिनीच्या ‘ला दोल्चे व्हिता’मध्ये ती निको म्हणूनच दिसते. न्यूयॉर्कला ली स्ट्रासबर्गच्या अभिनयाच्या वर्गात बसली. १९६२ मध्ये मुलगा झाला, आरी. १९६५ मध्ये लंडनला पहिली छोटी, दोन गाण्यांची रेकॉर्ड निघाली, तिच्या निर्मितीत पुढे लेड झेपेलिन काढणारा जिमी पेज होता. ती चालली नाही. १९६६ मध्ये न्यूयॉर्कला चित्रकार अँडी वॉरहॉलच्या गोतावळ्यात आली. वॉरहॉल आणि त्याचा साथीदार पॉल मॉरिसी यांनी तिला व्हेल्वेट अंडरग्राउंडसमोर उभी केली, कारण स्टेजवर बघण्यासारखं कुणीतरी हवं होतं. बँडला ती नकोच होती. मार्च १९६७ मध्ये रेकॉर्ड आली, केळ्याच्या चित्राची, सगळ्यांनी पाहिलेली. तिच्या नावातच फट दिसते: ‘द व्हेल्वेट अंडरग्राउंड अँड निको’. बँड एक, आणि वर ही एक. अकरा गाण्यांपैकी मुख्य आवाज तिचा फक्त तिनांत. बाकी वेळ तिनं खंजिरी हलवायची.

त्याच वर्षी तिची स्वतःची पहिली मोठी रेकॉर्ड, ‘चेल्सी गर्ल’. गाणी जवळजवळ सगळी दुसऱ्यांची. तिनं ड्रम मागितले, मिळाले नाहीत. तिला न विचारता व्हायोलिनं आणि बासरी चढवली गेली. पुढे ती सांगायची की ती बासरी ऐकून तिला रडू आलं. ऐकून बघा, बासरी सुरेल आहे, वाईट काहीच नाही. पण गाणाऱ्या बाईला गोड करून विकायचं ठरलं की काय होतं ते त्या बासरीत स्वच्छ ऐकू येतं.

इथून खरी गोष्ट सुरू होते. द डोअर्सच्या जिम मॉरिसननं तिला सांगितलं, तू स्वतः लिही, स्वप्नं लिहून ठेव. तिनं ते मनावर घेतलं. सोनेरी केस मेंदीनं रंगवून टाकले. पांढरे कपडे गेले, काळे आले. आणि एक पेटी आणली. भारतीय बनावटीची पेटी, असं तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण सांगतात. चित्रणांत ती दोन्ही पायांनी भाता चालवते आणि दोन्ही हातांनी वाजवते. एका हातात तेच ते दोन-चार स्वर घोळत राहतात, दुसऱ्या हातात चाल, आणि त्याच चालीवर तिचा तो जाड, खर्जातला गळा. संगीताचं रीतसर शिक्षण नव्हतं. एका कानानं कमी ऐकू यायचं.

नोव्हेंबर १९६८ मध्ये ‘द मार्बल इंडेक्स’ आली. जेमतेम अर्धा तास. सगळी गाणी तिची. आधी तिची पेटी आणि गळा मुद्रित झाला, मग व्हेल्वेटमधल्या जॉन केलनं व्हायोला (व्हायोलिनची थोरली बहीण) आणि बाकीची बहुतेक वाद्यं एकट्यानं वाजवून त्यावर चढवली. रेकॉर्ड खपली नाही. पण तिच्याआधी तसं काही नव्हतं, आणि नंतर काळे कपडे घालून अंधारातलं संगीत करणारे जे बँड ब्रिटनमध्ये निघाले त्यांच्या मुळाशी ती आहे. आमच्या घरी तंबोऱ्याच्या जवारीचं काम चालतं. घोडीवर तारेखाली सूत सरकवत राहायचं. एका जागी तार अशी काही बोलू लागते की एकाच स्वरातून चार निघतात. ‘द मार्बल इंडेक्स’मध्ये पेटीचा स्वर धरून ठेवलेला असतो आणि केलचा व्हायोला त्याला घासत जातो, तेव्हा माझे कान तीच जागा शोधतात आणि ती त्यांना सापडते.

पुढे डिसेंबर १९७० मध्ये ‘डेझर्टशोअर’, १९७४ मध्ये ‘द एंड’, १९८१ मध्ये ‘ड्रामा ऑफ एक्झाइल’, १९८५ मध्ये ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’. मधल्या काळात फिलिप गारेल या फ्रेंच दिग्दर्शकाबरोबर पॅरिसमध्ये पैशाविना संसार, त्याच्या सिनेमांत काम आणि हेरॉइन, पंधरा वर्षांहून जास्त. १९७८ मध्ये तिची पेटी चोरीला गेली. हातात पैसे नाहीत, आणि पेटीशिवाय पोट भरणार कसं? तेव्हा पॅटी स्मिथनं पॅरिसच्या एका आडबाजूच्या दुकानात दिसलेली हिरव्या भात्याची पेटी तिला विकत घेऊन दिली. एका गाणाऱ्या बाईनं दुसरीला पेटी घेऊन द्यावी! निकोच्या आयुष्यातली माझी सगळ्यात आवडती घटना हीच.

शेवटची काही वर्षं मँचेस्टरला होती. मेथाडोन या पर्यायी औषधावर येऊन हेरॉइन सुटत आली होती, सायकल चालवायला लागली होती. ६ जून १९८८ ला बर्लिनच्या तारांगणात शेवटचा कार्यक्रम झाला. जुलैमध्ये स्पेनच्या इबिझा बेटावर भर उन्हात सायकलवरून पडली. डॉक्टरांना वाटलं ऊन लागलंय. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय ४९. बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड जंगलातल्या दफनभूमीत, आईच्याच जागेत तिची रक्षा पुरली. तिनं आईसाठी केलेलं ‘डेझर्टशोअर’मधलं गाणं मित्रांनी टेपवर लावलं.

तुम्ही ऐकलं असेल तर लिहा. नसेल तर ऐकून लिहा.

---

कृष्णाकाठ_७१

वाचतोय. व्हेल्वेटच्या पुढे निको काय करत होती याची काही कल्पनाच नव्हती. हिरव्या भात्याची पेटी लक्षात राहील. सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद, तरफाताई.

---

पेटीवाले_काका

ताई, मी पेट्या दुरुस्त करतो. मुलानं हा धागा वाचून दाखवला आणि गाणी लावून दिली. इंग्रजी-जर्मन शब्द मला कळले नाहीत, पेटी कळली.

पहिलं सांगतो, ही पायपेटीच. जुन्या संगीत नाटकांत ऑर्गन असायचा त्याचीच लहान बहीण. हातपेटीला डावा हात भात्यावर अडकतो, म्हणून आपल्याकडे एका हाताचं वाजवणं तयार झालं. पायपेटीत दोन्ही हात मोकळे, हवेचा दाब एकसारखा, त्यामुळे स्वर तुटत नाही. या बाईचं सगळं गाणं त्या न तुटण्यावर उभं आहे.

दुसरं. तिची पेटी उतरलेली आहे. थोडी नाही, चांगलीच. पितळी सूर असतो तो टोकाशी खरवडला की चढतो, मुळाशी खरवडला की उतरतो. धूळ बसली, दमट हवा लागली, प्रवासात आपटली की प्रत्येक सूर आपापल्या वाटेनं जातो. खर्जाचे सूर लांब असतात, त्यांच्यावर जास्त दाब दिला तर तेही किंचित उतरतात. ही बाई पायानं जोरात दाब देते, ऐकू येतं. दोन सूर जवळजवळ जुळले पण पूर्ण जुळले नाहीत की मध्ये एक लाट उठते, वाँव वाँव अशी. गिऱ्हाईक पेटी घेऊन येतं ते ती लाट काढायलाच. हिनं ती ठेवली. मी तिच्या जागी असतो तर पेटी उघडली असती, पण मग हे गाणं राहिलं नसतं, हेही खरं.

तिसरं मुलाच्या शिक्षकांनी सांगितलं. तिची ती रेकॉर्ड १९६८ ची ना? तेव्हा आपल्या आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. १९४० साली घातलेली, १९७१ पर्यंत चालली. कारण काय, तर पेटीत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांमधले बारीक स्वर) नाहीत, वाद्य परदेशी. पेटी फ्रान्समध्ये १८४२ च्या सुमाराला निघाली, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती हातानं वाजेल अशी बसकी केली. आपण तिला परकी म्हणून रेडिओबाहेर बसवली होती आणि तिकडे एक जर्मन बाई तिच्यासमोर बसून गात होती.

---

तरफा_मिरज

काका, तुमचा प्रतिसाद धाग्यात वर चिकटवून ठेवायला हवा. उतरलेल्या पेटीबद्दल जॉन केलनंही हेच सांगितलंय, की ती पेटी बाकी कुठल्याच वाद्याशी जुळत नव्हती, स्वतःशीसुद्धा नाही. म्हणून त्यानं प्रत्येक वाद्य वेगवेगळं, त्या पेटीच्या मानानं लावून चढवलं. पेटी सुधारण्याऐवजी बाकीचं जग तिच्याकडे वळवून घेतलं.

---

अजिंक्यतारा_रायडर

साताऱ्याहून. लोकांना राग येईल पण स्पष्ट लिहितो. दोन गाणी ऐकली, पुढे जमलं नाही. यात रॉक कुठंय? ड्रम नाहीत, गिटार नाही, ठेका नाही. मयताच्या घरात बसल्यासारखं वाटतं. आम्ही कॉलेजात डीप पर्पल, आयर्न मेडन वाजवायचो, लोक उभे राहायचे. व्हेल्वेटमधली तिची तीन गाणी मात्र झकास. ती तिथंच थांबली असती तर बरं, असं प्रामाणिक मत.

---

तरफा_मिरज

राग कशाला? ऐकून लिहिलंत हे महत्त्वाचं. पण ‘तिथंच थांबली असती’ याला माझा पूर्ण विरोध आहे. ती तीनही गाणी व्हेल्वेटच्या लू रीडनं लिहिलेली. त्यांत ती फार सुंदर गायली, पण गाणं त्याचं. स्वतःचं गाणं असणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या तीन गाण्यांवर थांबवायचं म्हणजे काय?

आणि रॉकमध्ये तिला कुठे बसवायचं हा प्रश्न तिच्या पिढीच्या लोकांना पडला नव्हता. १ जून १९७४ ला लंडनच्या रेनबो थिएटरात केव्हिन एअर्स, जॉन केल, ब्रायन ईनो आणि ती एका स्टेजवर होते, त्याची रेकॉर्ड आहे. त्याच वर्षी डिसेंबरात फ्रान्समधल्या रँसच्या कॅथेड्रलमध्ये टँजरीन ड्रीम या जर्मन बँडबरोबर गायली. ‘द एंड’मध्ये ईनोचा सिंथेसायझर आहे, रॉक्सी म्युझिकच्या फिल मांझानेराची गिटार आहे. ‘ड्रामा ऑफ एक्झाइल’मध्ये तर ड्रम भरपूर आहेत. तुम्हाला ठेका हवा असेल तर ती ऐका, मला मात्र ती तिची सगळ्यात कमी आवडते.

---

अनुजा_विश्रामबाग

मी चार ओळी स्वतःच्या लिहिते, कारण विषय जवळचा आहे.

मी काही वर्षं साड्यांच्या कॅटलॉगसाठी मॉडेलिंग केलं. पुढून ब्लाउज अंगाबरोबर शिवल्यासारखा दिसतो, पण पाठीमागे ओळीनं चिमटे लावलेले असतात. श्वास पूर्ण घ्यायचा नाही, चिमटे सुटतात. तासभर तसं उभं राहायचं, साडी बदलायची, परत चिमटे. आता मी एका बँडमध्ये गाते. पहिल्या दिवशी गाण्याच्या सरांनी सांगितलं, श्वास पोटातून घे. मला जमेना. अंगाला श्वास आखडून धरायचीच सवय लागलेली. ती मोडायला फार वेळ गेला.

आणि अजूनही कार्यक्रम ठरवणारे आधी फोटो मागतात, आवाजाचं रेकॉर्डिंग नंतर. एकांनी तर रेकॉर्डिंग ऐकलंच नव्हतं, स्टेजवर मी गायला लागल्यावर दचकले, कारण माझा आवाज जाड आहे. फोटोतल्या मुलीचा आवाज त्यांनी मनात ठरवून ठेवला होता.

म्हणून निकोनं केस रंगवले, काळे कपडे घातले, यावर ‘व्यसनानं रूप घालवलं’ असं कुणी लिहिलं की मला पटत नाही. व्यसन होतंच, ते वाईटच. पण केस तिनं त्याच सुमाराला रंगवले जेव्हा ती स्वतःची गाणी लिहायला बसली. तारखा जुळवून बघा.

---

नागठाणे_नादब्रह्म

अनुजा, फार महत्त्वाचं लिहिलंत.

आमच्या गावच्या बालगंधर्वांची आठवण झाली. त्यांच्या शालूची, नेसण्याची, दागिन्यांची बायका नक्कल करायच्या, म्हणजे आजच्या भाषेत फॅशन तेच ठरवत होते. पण थिएटरात लोक पद ऐकायला बसत, वन्समोअर गाण्याला मिळत. उतारवयात रूप ओसरलं, देह थकला, तरी त्यांचा गळा ऐकायला माणसं जमत. रूप आणि गाणं दोन्ही एकाच माणसाचं आहे हे आपल्या प्रेक्षकांनी धरून ठेवलं होतं. निकोला तसा प्रेक्षक मिळाला नाही. तिच्या कार्यक्रमांना बरेच जण केळ्याच्या रेकॉर्डमधली मुलगी बघायला यायचे.

---

किराणा_घराणे

तंबोऱ्यावरून एक मुद्दा. जॉन केल १९६३ ते ६५ दरम्यान ला माँट यंग या अमेरिकन संगीतकाराबरोबर एकच स्वर तासन्‌तास धरण्याचे प्रयोग करत होता. यंग पुढे १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँचे शिष्य, आणि वहीद खाँ म्हणजे आपल्या मिरजेत वसलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँचे भाऊबंद. ज्यांची मजार मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि उरुसात जिथं दर वर्षी गाणं होतं, ते करीम खाँ.

पण क्रम नीट लक्षात घ्या. केल यंगकडून बाहेर पडला तेव्हा यंगची प्राणनाथांशी गाठ पडायची होती. त्यामुळे निकोच्या रेकॉर्डमध्ये या सगळ्यांचं किराणा घराणं आहे असं म्हणता येणार नाही. भारतीय तंबोरा यंगनं त्याआधी रेकॉर्डवर ऐकला होता, एवढं म्हणता येतं. समाजमाध्यमांवर ‘मिरजेतून न्यूयॉर्कला’ अशा पोस्टी फिरायच्या आत हे लिहून ठेवतो. जे आहे तेच पुरेसं मोठं आहे.

---

तरफा_मिरज

अगदी बरोबर. आणि आभार, हा क्रम मला कुठे एकत्र सापडला नव्हता.

---

स्पष्टवक्ती_सांगली

ताई, एक बाजू राहिली. तिच्याबरोबर काम केलेल्या लोकांनीच तिच्या वंशद्वेषी बोलण्याच्या आठवणी सांगितल्या आहेत. शिवाय मुलगा. आरीला त्याच्या वडिलांनी कधी आपला म्हटलं नाही, पण त्याच वडिलांच्या आईनं त्याला वाढवलं. निको होती कुठे? कलावंत म्हणून मोठी मानताना हे गाळू नये.

---

तरफा_मिरज

गाळणार नाही. वंशद्वेषी बोलणं होतं आणि त्याला कसलंही समर्थन नाही. युद्धातलं लहानपण, व्यसन, यातलं काहीही त्याची सफाई होऊ शकत नाही. ज्यांना त्यामुळे ती ऐकवत नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

मुलाबाबत मला लिहायला जड जातं. ‘डेझर्टशोअर’मध्ये एक छोटं फ्रेंच गाणं आहे, ते आरी गातो, आठ वर्षांचा असेल. कोवळा, जरा अडखळता आवाज. ‘द मार्बल इंडेक्स’मध्ये तिनं त्याच्यासाठी अंगाई केली आहे, ती ऐकून मूल झोपेल असं मला वाटत नाही. तिचं त्याच्यावर प्रेम होतं आणि तिनं त्याला सांभाळलं नाही, दोन्ही खरं आहे. गेली त्या दिवसांत तो इबिझाला तिच्याबरोबर होता.

---

पॉप_परडी

मॉडेल ते गायिका म्हणाल तर ग्रेस जोन्सला विसरू नका! जमैकाच्या स्पॅनिश टाउनमध्ये जन्म, १९४८. पॅरिसमध्ये मॉडेल. मग डिस्को, आणि १९८० नंतर बहामातल्या नासाऊला कंपास पॉइंट स्टुडिओत स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपियर यांच्याबरोबर केलेलं काम. १९८१ ची ‘नाइटक्लबिंग’ आजही ताजी वाटते. तिचं उलट आहे. तिनं रूप टाकलं नाही, वापरलं. चौकोनी कापलेले केस, खांद्यातून रुंद कोट, अंगाची भूमितीच करून टाकली. लोकांना बघायचंय ना, मग बघा, पण मी ठरवेन तसं.

---

अनुजा_विश्रामबाग

ग्रेस जोन्स मला जास्त आवडते, खरं सांगायचं तर. स्टेजवर जायच्या आधी मी तिलाच ऐकते. पण निको ऐकल्यावर घरी बसून लिहावंसं वाटलं.

---

कृष्णाकाठ_७१

नवख्यानं सुरुवात कुठून करावी? आणि सिनेमा वगैरे काही?

---

तरफा_मिरज

‘डेझर्टशोअर’पासून. अर्धा तासही नाही, आणि चाली लगेच धरता येतात. मग ‘द मार्बल इंडेक्स’, एका बैठकीत, मध्ये न थांबता. ‘चेल्सी गर्ल’ सगळ्यात शेवटी, म्हणजे ती बासरी का खुपली ते कळेल. साताऱ्याच्या दादांनी ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ ऐकावी, त्यात ठेकाही आहे आणि तीही आहे.

माहितीपट ‘निको आयकॉन’, १९९५ चा. आणि सुझाना निक्कियारेल्लीचा ‘निको, १९८८’, २०१७ चा, त्यात त्रीने दिरहोम निको झाली आहे आणि गाणी स्वतः गायली आहे. तो सिनेमा शेवटच्या दोन-तीन वर्षांचाच आहे. केळ्याच्या रेकॉर्डवर विचारलं की त्यातली निको वैतागते.

---

अजिंक्यतारा_रायडर

‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ लावली. पहिल्यापेक्षा बरी वाटली. पूर्ण ऐकून सांगतो. मत बदलेल असं नाही.

---

पेटीवाले_काका

फोनवर कुणी ऐकू नका. फोनमध्ये खर्ज मरतो, आणि या बाईचं निम्मं गाणं खर्जात आहे. ताई, तुम्ही मिरजेतच असता तर रविवारी संध्याकाळी दुकानात या, येताना चांगला स्पीकर आणा. माझ्याकडे एक जुनी पायपेटी पडून आहे, सूर उतरलेले. लावायची म्हणून काढली होती, आता तशीच ठेवलीय. अनुजाताईंनाही बोलवा, जाड आवाजाला काळी एक-दोनची पट्टी बरी पडेल.

---

अनुजा_विश्रामबाग

काका, येते. पांढरी एकमध्येसुद्धा गाते मी. पेटी लावू नका.